मगरपट्ट्याचा धडा किती गिरवायचा?

पुण्याच्या कडेला जमिनीचे भाव चढू लागले की गावात आधी एजंट येतो. विसार पावतीवर सह्या होतात, पाठोपाठ खरेदीखत होते, दारात नवी गाडी उभी राहते. पैसा संपतो तेव्हा सातबारा दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. हडपसरच्या मगर भावकीने ही वाट नाकारली आणि आपल्या जमिनीवर मगरपट्टा सिटी ही वसाहत स्वतःच उभी केली. त्यामागे सतीश मगर या कृषी पदवीधराची दूरदृष्टी होती, आणि त्यांची कारकीर्द तपासून पाहण्यासारखी आहे ती त्यामुळेच.

1982च्या विकास आराखड्यात ही बागायत जमीन भावी नागरीकरणासाठी दाखवली गेली. नागरी कमाल जमीन धारणा कायद्याची टांगती तलवारही डोक्यावर होती. मगरांनी सुमारे 120 कुटुंबांची चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र आणली, कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे समभाग ठरवले. जमीन विकत घ्यायची नसल्याने सुरुवातीच्या भांडवलाचा मोठा भार हलका झाला. फ्लॅट विकले गेले, पण आयटी कार्यालयांचे भाडे येत राहिले. माल पुरवण्यापासून बांधकामापर्यंतची कंत्राटे घरातल्या तरुणांनी घेतली. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीतही हाच प्रयोग झाला.

याची तुलना नवी मुंबईशी करावी. तिथे 1984 साली शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले, त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. तिथे रक्त सांडून पदरात पडला तो भूखंड, इथे शेतकरी पहिल्या दिवसापासून भागीदार होता. हा फरक मोठा आहे.

तरीही दुसरी बाजू झाकता येणार नाही. एकाच भावकीची सलग जमीन आणि सर्वांचा विश्वास असलेला माणूस हा योग दुर्मीळ; एरवी बांधावरून कोर्टात जाणाऱ्या भावक्याच आपल्याकडे जास्त. वेळही साधली गेली: प्रकल्प उभा राहिला तो पुण्यात आयटीची लाट आली तेव्हा. शिवाय समभाग सातबाऱ्यावरून ठरतात. त्या उताऱ्यावर शेतमजुराचे नाव नसते. बहिणीचे असले तरी हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन ते कमी करण्याची रीत गावोगावी आहे. खासगी कंपनीचे समभाग बाजारात सहज विकताही येत नाहीत, त्यामुळे नेतृत्व बदलले आणि नियत फिरली तर लहान भागधारकाने दाद कुठे मागायची?

आमच्या मते सतीश मगर यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र चांगला माणूस भेटेल या भरवशावर धोरण आखता येत नाही. शेतकऱ्यांच्या अशा कंपन्यांना राज्य सरकारने जलद परवानग्या आणि स्वस्त कर्ज जरूर द्यावे, पण अटी घालून: हिशेबाचे दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण, मुलींच्या नावे त्यांचे समभाग आणि त्या जमिनीवर राबलेल्या मजुरांसाठी राखीव वाटा. शहराच्या वेशीवरच्या शेतकऱ्यांनाही आमचे सांगणे आहे: विसार घेण्याआधी शेजारच्या बांधावरच्या माणसाशी एकदा बोला.