कॅमेरा निकालावर, खोट सुट्टीवर

स्पष्टच लिहितो. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ दे.

बैलगाडीच्या मैदानात आज खर्च कशावर होतो बघा. स्टेज, फ्लेक्स, साऊंड, निवेदक, बक्षिसाला ट्रॅक्टर, थार, कुठे जेसीबी. आणि निकालाचा कॅमेरा. निकालरेषेवर स्लो मोशन आहे, ड्रोन आहे, यूट्यूबवर लाईव्ह आहे. दोन गाड्या बोटभर फरकाने आल्या तरी व्हिडिओ थांबवून निकाल देतात. चांगलंच आहे ते.

पण त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, जिथून गाड्या सुटतात, तिथं काय असतं? एक माणूस आणि त्याच्या हातात एक झेंडा. बास.

मैदानातली बहुतेक भांडणं तिथं जन्माला येतात. बैलाचे सगळ्यात जास्त हालही तिथंच होतात. आणि त्याच जागेवर ना कॅमेरा, ना लेखी नियम.

पुणे जिल्ह्यात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळच्या घाटात एकावेळी एकच गाडा पळतो आणि घड्याळ सेकंद मोजतं. शेजारची गाडी आधी सुटली का, हा प्रश्नच तिथं नाही. आपल्याकडं सातारा-सांगलीच्या माळावर तसं नाही. पाच-सात गाड्या आपापल्या तासात उभ्या करायच्या आणि एकदम सोडायच्या. पहिला तो पहिला. सगळा खेळ काही सेकंदांचा. त्यात ज्याला अर्धा सेकंद आधी मिळाला, त्यानं अर्धी शर्यत तिथंच मारली.

म्हणून तर 'सुट्टी मेकर' हा प्रकार आला. बैल धरून ठेवायचा आणि झेंडा पडायच्या क्षणाला सोडायचा. कसबाचं काम आहे, मान्य. पण एका गाडीला दोन माणसं, दुसरीला पाच, असं का? झेंडा पडायच्या आधीच गाडी निम्मी पुढं, तरी ती सुट्टी कायम. आणि वजनदार मालकाची गाडी मागं राहिली की लगेच फेरसुट्टी. कुठल्या नियमानं? ज्याचा आवाज मोठा त्याच्या नियमानं.

फेरसुट्टीत मरतो कोण? शहाणा बैल. जो झेंड्याला इमानदारीत सुटला आणि शंभर-दीडशे फूट जीव तोडून पळाला, त्याला माघारी आणून धापा टाकत पुन्हा उभा करतात. जो बिथरून जाग्यावरच फिरला, तो ताजातवाना. शिस्तीला शिक्षा आणि बेशिस्तीला बक्षीस, असा हा न्याय.

आता कायद्याचं बघू. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, तरी शर्यती सुरू व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडला. १८ मे २०२३ ला घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. मधली सात-साडेसात वर्षं खिलार पाळणाऱ्या शेतकऱ्यानं कशी काढली, ते या पोस्टखाली कमेंट करणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत आहे. दावणीचा बैल मातीमोल भावानं विकावा लागला होता.

परवानगी मिळाली ती अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी, धाव १००० मीटरच्या आत. काठी, चाबूक, बॅटरीचा शॉक, शेपूट पिरगळणं, चावणं, सगळं बंद. कायदा मोडला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आता छातीवर हात ठेवून सांगा, या बंद केलेल्या गोष्टी कुठं मोठ्या प्रमाणात होतात? मधल्या धावेत? निकालरेषेवर? बैल उसळून सुटावा म्हणून जे काही केलं जातं, ते सुट्टीच्या पहिल्या दहा फुटांत केलं जातं. उद्या कुणी कोर्टात व्हिडिओ घेऊन गेला, तर तो सुट्टीचाच असणार आहे. शर्यत बंद पडली तर प्राणीमित्रांना शिव्या देऊन काही होणार नाही. दोरी आपणच त्यांच्या हातात दिलेली असेल.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही नाही. परदेशात घोड्याला दोन चाकांची हलकी गाडी जुंपून शर्यत लावतात, हार्नेस रेसिंग म्हणतात त्याला. अमेरिकेत पूर्वी सगळ्या गाड्या एका ओळीत पळत सुरुवातीच्या रेषेकडं यायच्या. ओळ वाकडी झाली की पंच माघारी बोलवायचा. पुन्हा ओळ, पुन्हा माघारी. घोडे दमायचे, लोक कंटाळायचे. शेवटी १९४६ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रूझवेल्ट रेसवेवर स्टीव्ह फिलिप्स नावाच्या माणसानं तयार केलेलं फिरतं गेट आलं. मोटारीच्या मागं दोन लांब पंख. मोटार वेग घेते, घोडे पंखांमागं एका रेषेत पळतात, रेषा आली की पंख मिटतात आणि मोटार निघून जाते. माघारी बोलावण्याची कटकट जवळजवळ संपली.

पण सगळं जग त्या गेटमागं गेलं नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये उभ्यानं सुटण्याची पद्धतही टिकली. न्यूझीलंडची मानाची ट्रॉटिंग कप शर्यत, ३२०० मीटरची, परंपरेनं उभ्यानंच सुटते. उभ्या सुट्टीचा एक फायदा आहे: भारी घोड्याला दहा-वीस मीटर मागं उभं करून लढत बरोबरीची करता येते. फिरत्या गेटमध्ये आतल्या बाजूचा नंबर लागला की फायदा होतो, ही तिथली तक्रार. म्हणजे दोन्हींत गुण-दोष आहेत आणि वाद तिथंही आहे. फरक एवढाच की तिथला वाद नियमावरून चालतो. उभ्यानं न थांबणाऱ्या घोड्याला कडेला उभं करायचं, हे आधीच लिहिलेलं असतं. ऐनवेळी स्टेजवरून ठरत नाही.

लगेच कुणी म्हणेल, "मग आता बैलांपुढं बोलेरो पळवायची का?" नाही. बैल मोटारीमागं एका चालीत येणार नाही, उलट बुजेल. घाटासारखं एकेक गाडी सोडून घड्याळ लावा, असंही मी म्हणत नाही. गाड्या एकत्र सुटणं हाच आपल्या मैदानाचा जीव आहे. उभी सुट्टीच ठेवा. फक्त ती नियमाची करा.

मागण्या साध्या आहेत:

१. सुट्टीच्या रेषेवर दोन कॅमेरे, एक समोरून, एक आडवा. रेकॉर्डिंग सगळ्यांना बघायला खुलं.

२. झेंडा पंच यजमान गावचा नको. त्या दिवशी ज्यांची गाडी पळतेय त्यांचा पाहुणाही नको.

३. प्रत्येक गाडीला धरणारी माणसं सारखी. जादा माणूस दिसला की गाडी बाद.

४. फेरसुट्टी एकदाच, आणि कुठल्या कारणानं ते आधी लिहून फलकावर लावलेलं. ज्या गाडीमुळं झाली, ती कडेच्या तासात.

५. सुट्टीवर बैलाला चावलं, टोचलं, पिरगळलं तर गाडी बाद आणि मालकाला हंगामभर बंदी. मग तो आमदाराचा माणूस असो नाहीतर माझा.

"एवढं सगळं परवडत नाही," असं संयोजक म्हणतील. थार परवडते आणि दोन कॅमेरे परवडत नाहीत? एका फ्लेक्सवरचे चाळीस फोटो कमी केले तरी खर्च निघेल.

"सुट्टी मेकरचं पोट मारताय," असंही कुणी म्हणेल. उलट आहे. खरा कसबी माणूस कॅमेऱ्यासमोर उठून दिसेल. पोट मारलं जाईल ते लबाडी करणाऱ्याचं.

यात्रा कमिट्यांची परवानगीसाठी धावपळ सुरू आहे. अर्जासोबत हे पाच नियम सहीनिशी जोडा. जी कमिटी जोडेल, तिच्या मैदानाची बातमी मी नावानिशी छापेन. जी जोडणार नाही, तिच्या सुट्टीच्या रेषेवर मी मोबाईल घेऊन उभा असेन.

मालक, ड्रायव्हर, शौकीन, सगळ्यांनी कमेंटमध्ये बोला. शिव्या चालतील, पण मुद्द्यावर द्या.

#बैलगाडी_शर्यत #सुट्टी_नियमाची