मिटवून टाकण्याची घाई नको

दिवाळी पार्टी असो, मुलांचे ग्रॅज्युएशन असो की न्यू इयर, आपल्या मंडळींच्या घरी हातात ग्लास दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यावर प्रवचन देण्याचा माझा विचार नाही. पण पार्टीहून परतताना पोलिसांनी गाडी थांबवली तर पुढे काय, याविषयी आपण कधीच बोलत नाही. मी वकील नाही. तरीही एक मत ठामपणे मांडावेसे वाटते : अशा वेळी आपल्या माणसाचे नुकसान दारूइतकेच, ‘दंड भरू आणि कोणाला कळायच्या आत मिटवून टाकू’ ही वृत्ती करते.

आधी कायदा. बहुतेक राज्यांत रक्तातील अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. युटामध्ये २०१८ च्या अखेरीपासून ती ०.०५ झाली. एकवीस वर्षांखालील मुलांना जवळजवळ शून्यच. अटकेनंतर श्वासाची चाचणी नाकारली तर बहुतेक ठिकाणी त्याच कारणावरून लायसन्स निलंबित होते. रक्ताच्या चाचणीसाठी मात्र सर्वसाधारणपणे तुमची संमती किंवा न्यायाधीशाचे वॉरंट लागते, असे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितले.

लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स मुकाट्याने दाखवावे. ‘किती प्यालात?’ या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन नाही. खोटे बोलू नये, हुज्जत घालू नये. ‘मला वकिलाशी बोलायचे आहे’ एवढे नम्रपणे सांगावे. वकील परवडत नसेल आणि तुरुंगवासाची शिक्षा होणार असेल तर सरकार वकील देते. भारतीय पासपोर्ट असेल तर आपल्या वकिलातीला कळवा, असे सांगण्याचा हक्कही आहे.

आता खरी गोम. नागरिक नसलेल्या माणसावर एका वेळी दोन कायद्यांची नजर असते : एक राज्याचा, दुसरा इमिग्रेशनचा. वर्षभर नीट वागल्यावर राज्याच्या कोर्टाने खटला काढून टाकला, तरी आधी गुन्हा कबूल केलेला असेल आणि थोडीही शिक्षा वा बंधन घातले गेले असेल, तर १९९६ च्या कायद्याप्रमाणे इमिग्रेशनच्या लेखी तुम्ही दोषीच. शिवाय २०१५ पासून, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. मग आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेलेला मुलगा नव्या व्हिसासाठी तिकडेच अडकून पडतो.

मूनेस मेलौली या ट्युनिशियाच्या तरुणाची हकीकत आपल्या घरातली वाटावी अशी आहे. २००४ मध्ये स्टुडंट व्हिसावर आला, दोन मास्टर्स केली, अ‍ॅक्च्युअरी झाला, विद्यापीठात गणित शिकवू लागला. २०१० मध्ये कॅन्ससमध्ये पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला अटक झाली आणि झडतीत मोज्यात अ‍ॅडरॉलच्या चार गोळ्या सापडल्या. त्याने किरकोळ गुन्हा कबूल केला : अमली पदार्थ ठेवण्याचे साधन बाळगणे. साधन म्हणजे तो मोजा! तोवर ग्रीन कार्ड मिळाले होते, तरी २०१२ मध्ये त्याला देशाबाहेर काढले. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला, पण मधली वर्षे कोण परत देणार?

कॉलेजातल्या मुलांना हे जरूर सांगा. मित्राने अभ्यासासाठी दिलेली गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय खिशात ठेवणे हा गुन्हा आहे. अनेक राज्यांत दुकानात मिळणारी गांजाची गमीसुद्धा केंद्राच्या कायद्यात नियंत्रित पदार्थच आहे, आणि ग्रीन कार्ड व सिटिझनशिप देते ते केंद्र सरकार.

‘आमचे वकील म्हणाले, काळजी नको’ यावरही विसंबू नये. होझे पदिया हा चाळीस वर्षांहून अधिक काळ कायदेशीररीत्या इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धात सैन्यात असलेला ट्रकचालक. गांजा वाहून नेल्याच्या खटल्यात वकिलाच्या अशाच शब्दावर त्याने गुन्हा कबूल केला आणि हद्दपारीची कारवाई ओढवली. त्याच्याच खटल्यात २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवले की कबुलीमुळे हद्दपारी होऊ शकते का, हे सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्य आहे. म्हणून कबुलीपूर्वी विचारा : ‘याचा माझ्या स्टेटसवर काय परिणाम होईल?’ उत्तर लेखी घ्या आणि इमिग्रेशनच्या वकिलालाही दाखवा. त्याची फी हद्दपारीपेक्षा स्वस्तच पडते.

हक्क माहीत असणे म्हणजे पिऊन गाडी चालवायला मुभा नव्हे. समोरून येणाऱ्या गाडीतही कोणाचे तरी कुटुंब असते. पार्टीला जाण्यापूर्वीच परत कोण चालवणार ते ठरवावे, आणि मुलांना सांगावे, ‘रात्री कितीही वाजता फोन कर, न्यायला येऊ.’ टॅक्सविषयी आपले मंडळ व्याख्याने ठेवते. एक संध्याकाळ या विषयाच्या वकिलांनाही बोलवावे. त्या दिवशी सभागृहात दिसल्याने कोणाची अब्रू जाणार नाही.