दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या मालकीचे?

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली गाडी आंबा घाटात तापून थांबली, तर मागून येणारा चालक उतरतो. इंजिन निवल्यावाचून झाकण उघडू नका, पंख्याचा पट्टा पाहा, पाणी कोठे गळते ते शोधा, असे सांगतो. मोल घेत नाही. अनुभवाची ही सामुदायिक ठेव आहे.

नव्या गाड्यांत मात्र बिघाडाची खूण संगणकात दडते आणि ती पुरती वाचण्याची साधने कंपन्या मुठीत ठेवू पाहतात. याच मक्तेदारीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र कारागिरांना खुली करा, असे बजावले. प्रकरण अपिलांत गेले. २०२२ साली केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढले. पण पोर्टल म्हणजे हक्क नव्हे!

मोटार ही श्रीमंतांची चैन, आपल्याला तिचे काय, असे काही साथी म्हणतील. कर्जाच्या रिक्षावर घर चालविणाऱ्याला त्यांनी हे विचारून पाहावे. चालक, गाडीधारक आणि छोटे गॅरेजवाले यांना एकत्र आणून बंधनकारक कायद्यासाठी लढणे हे आपलेच काम आहे.