फोन एकाचा, कामे घरभराची

ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाले. त्याआधी गाव नमुना १२ मधली पिकांची नोंद तलाठी करायचे. कधी बांधावर जाऊन, कधी चावडीत बसून. टाटा ट्रस्टच्या साथीने महसूल विभागाने हे काम शेतकऱ्याच्या हाती दिले. त्याने शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, अक्षांश-रेखांश आपोआप जोडले जायचे आणि नोंद सातबाऱ्यावर चढायची. कल्पना चांगली होती, आजही आहे. स्वतःच्या सातबाऱ्यावर स्वतः लिहिण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

आता परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावसारख्या गावात ही नोंद कशी होत असेल ते पाहू. गंगाखेड तालुक्याचा हा भाग डोंगरपट्ट्यातला. खरिपाला सोयाबीन, कापूस, तूर. सातबारा म्हाताऱ्या वडिलांच्या नावावर, चांगला फोन पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाकडे, शेत कसणारा धाकटा भाऊ आणि ॲप चालवता येणारी कॉलेजातली नात. अशी घरे शोधायला जावे लागत नाही. ॲप मात्र यातल्या एकाच माणसाची कल्पना करते: जमीन त्याची, फोन त्याचा, शेतात उभा तोच, वाचणाराही तोच आणि ओटीपी येतो तोही त्यालाच.

क्षेत्राची चौकट उघडली की ती हेक्टर-आर मागते. शेतकऱ्याच्या डोक्यात एकर आणि गुंठे असतात. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर एक आर, हे त्याने बांधावर उभे राहून काढायचे. पुढचा प्रश्न पीक निर्भेळ की मिश्र. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी ही मराठवाड्यातली रोजची पेरणी. ती तोंडाने सांगायला एक वाक्य पुरते. ॲपमध्ये मात्र दोन पिके निवडायची, प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे काढायचे आणि दोन्हींची बेरीज गटात बसवायची. इथवर आले की म्हातारा फोन नातीच्या हातात देतो किंवा सरळ सेवा केंद्र गाठतो. आपल्यातले बरेच जण याला ‘डिजिटल साक्षरतेचा अभाव’ म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. ज्या माणसाला आपल्या रानातली प्रत्येक ओळ पाठ आहे, त्याला आपण त्याच्या मापात प्रश्न विचारला नाही. हा दोष आखणीचा आहे.

हीच चूक मराठवाड्याने पूर्वी लोखंडात पाहिली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत दुष्काळी गावांत विंधनविहिरी घेतल्या गेल्या आणि त्यांवर बिडाचे हातपंप बसले. ते युरोप-अमेरिकेतल्या पंपांवर बेतलेले होते, आणि ते मूळ पंप एका शेतावरच्या एका कुटुंबासाठी घडवलेले होते. आपल्याकडे त्याच दांड्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव हापसू लागले. पिना झिजल्या, दांडे तुटले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर देशातले बहुसंख्य हापसे बंद पडलेले आढळत होते. तेव्हाही गावकऱ्यांना वापरता येत नाही, ते नासधूस करतात, असे म्हणणारे होतेच.

उत्तर निघाले ते जालन्यात आणि सोलापुरात. जालन्याच्या मिशनमध्ये विंधनविहिरींचे काम करणाऱ्यांनी बिडाऐवजी पोलाद घेतले आणि दांड्याच्या अनेक पिनांच्या जागी एकच भक्कम खुंटा बसवला. सोलापूरच्या पंपात त्यावर बेअरिंग आणि साखळी आली. पुढे युनिसेफ, मद्रासची मेराडो ही संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी याच वाटेने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. कोइमतूर भागातल्या खोल विहिरींवर त्याची चाचणी झाली. हा पंप पुढे जगभर गेला. तोही निर्दोष नव्हता. खालचा वायसर बदलायचा तर सगळी पाइपलाइन वर ओढावी लागे, त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसे यावी लागत. म्हणून ‘मार्क थ्री’मध्ये पाइप न काढता दट्ट्या वर घेता येईल अशी सोय केली, म्हणजे दुरुस्ती गावातच होऊ शकेल. या सगळ्या प्रवासात गावाला कुणी बदलायला सांगितले नाही. एका पंपावर गाव येणार हे गृहीत धरले आणि पंप बदलला.

एका फोनवर घर येणार, कधी सगळी गल्ली येणार, हे आपण अजून गृहीत धरलेले नाही. ई-पीक पाहणीने हे थोडेफार मानले. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येऊ लागली. पुढच्या आवृत्तीत चुकलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची मुभा आली, आणि अलीकडच्या हंगामांत उरलेल्या क्षेत्रासाठी गावोगाव सहायक नेमले गेले. या बदलांचे मी मनापासून स्वागत करतो. पण रब्बीची नोंद येते डिसेंबर-जानेवारीत, आणि या डोंगरपट्ट्यातले कोयते दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांत गेलेले असतात. ज्याने स्वतःच्या शेतात उभे राहून फोटो काढायचा, तो दुसऱ्याच्या उसात उभा असतो. आखणीच्या वेळी टेबलावर वर्षाचे कॅलेंडर असते तर हे दिसले असते.

‘लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत याहून ठळक उदाहरण घडले. २०२५ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या त्या प्रक्रियेत बाईच्या आधारबरोबर पतीचे किंवा वडिलांचे आधार आणि त्यावरचा ओटीपी मागितला गेला. जिचे पती आणि वडील दोघेही वारले आहेत तिने काय करायचे, याला पडद्यावर उत्तर नव्हते. अखेर मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरवर गेली आणि अशा बायकांसाठी अंगणवाडी सेविकेकडे कागद देण्याची वाट निघाली. विधवा आणि परित्यक्ता काही सप्टेंबरात नव्याने जन्माला आल्या नव्हत्या. पहिल्या आराखड्यात त्यांना जागा नव्हती, एवढेच.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ओटीपीची. सेवा केंद्रात बसलेला मुलगा म्हणतो, “मामा, नंबर आला का बघा बरं,” आणि मामा फोनच त्याच्यापुढे करतात. तो मुलगा बहुतेक वेळा सज्जन असतो. त्याच्याशिवाय गावाचे पान हलत नाही. पण पीकविमा, रेशन, शेतकरी ओळख क्रमांक, बँक, सगळीकडे हेच घडत गेल्यामुळे ओटीपी म्हणजे समोरच्याला सांगायचा आकडा, ही सवय हाडीमांसी खिळली आहे. बँक त्याच फोनवर संदेश पाठवते की हा आकडा कुणालाही सांगू नका. दहा ठिकाणी ‘सांगा’ आणि एका ठिकाणी ‘सांगू नका’ असे शिकवल्यावर माणूस काय शिकेल? फसवणुकीचा फोन येतो तेव्हा तो आपणच लावलेल्या सवयीप्रमाणे वागतो, आणि वर आपणच त्याला अडाणी ठरवतो.

मदतीने वापर हाच आपल्या राज्याच्या मोठ्या भागातला खरा वापर आहे. म्हणून मदतनीसाला चोरट्यासारखा मागच्या दाराने आणू नका. त्याला स्वतःच्या नावाने लॉगिन द्या, त्याने कुणासाठी काय भरले याची नोंद ठेवा, आणि ती नोंद मालकाला दिसू द्या. ओटीपीचा संदेश मराठीत पाठवा आणि तो कोणत्या कामाचा आहे, पैसे जाणार आहेत की नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा. सबमिटच्या आधी भरलेली माहिती मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज ठेवा. म्हाताऱ्याला वाचता येत नसेल, पण ‘तूर दोन एकर’ ऐकले की चूक त्याच्या ताबडतोब ध्यानात येते. एकर-गुंठे घ्या आणि हेक्टरचे गणित यंत्राला करू द्या. यातले एकही काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

आणि चाचणीला माणसे निवडताना फोन ज्याचा आहे, जमीन ज्याची आहे आणि बोट ज्याचे चालते, त्या तिघांनाही एकत्र बसवा. ज्यांनी असे करून पाहिले आहे त्यांनी आम्हाला सविस्तर लिहून कळवावे, फसलेले प्रयोगसुद्धा. पुढच्या अंकात त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.