पोटापाण्याच्या गोष्टी : टाकी धुण्याआधी

मंडळी, यंदाची गोष्ट २०२३ च्या दिवाळीतली. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी होतं, रविवारी १२ नोव्हेंबरला. डोंबिवलीत पहाटेचे पाच वाजले होते आणि इथे इंग्लंडमध्ये शनिवारचे रात्री साडेअकरा. आईचा फोन आला, "उटणं लावलंस का रे?"

मी ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये, अंगात स्वेटर. म्हटलं, "आई, आज रात्री स्टोरेज बंद करून त्याची वीजजोडणी बदलायची आहे."

"म्हणजे काय?"

तिला आमच्या चाळीच्या भाषेत सांगितलं. चार मोठी यंत्रं म्हणजे चार मजले. त्यांवर साठेक आभासी सर्व्हर, ही बिऱ्हाडं. एका यंत्राची दुरुस्ती असेल तर बिऱ्हाडं चालू असतानाच दुसऱ्यावर हलवता येतात, कुणाला पत्ताही लागत नाही. पण सगळ्यांचा डेटा एकाच स्टोरेजवर, गच्चीवरच्या सामाईक टाकीसारखा. ती बंद करायची तर आधी सगळ्यांचे नळ बंद. चालू डेटाबेसखालून स्टोरेज काढलं तर अर्धवट लिहिलेलं बिघडू शकतं.

"मग नोटीस लावायची, पाणी भरून ठेवायला सांगायचं," आई म्हणाली. बरोबर! भरलेली भांडी म्हणजे बॅकअप. तो परत उघडतो का, हेही आधी बघायचं.

क्रमही ठरलेला. आधी ॲप्लिकेशन्स, मग डेटाबेस, मग या सगळ्यांवर देखरेख करणारा व्हीसेंटर, मग नावं-पत्ते सांगणारा डीएनएस, मग यंत्रं आणि सर्वांत शेवटी स्टोरेज. सुरू करताना उलट.

काही वर्षांपूर्वी मी हे सगळं नीट केलं आणि तरी फसलो. यंत्रं सुरू झाली, पण नावाने एकही सापडेना, कारण डीएनएस स्वतःच आभासी, अजून झोपलेला. यंत्रांचे पत्ते आणि पासवर्ड एका फाइलमध्ये होते आणि ती फाइलही झोपलेल्या सर्व्हरवर! घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. यंत्राला मॉनिटर जोडला, पडद्यावर पत्ता दिसला. पासवर्डसाठी पहाटे चारला साहेबांना उठवलं. त्यांच्याकडे तो सीलबंद पाकिटात होता. सहाच्या पाळीआधी कसंबसं सुरू झालं, पण त्या थंड खोलीत मला घाम फुटला होता.

तेव्हापासून कामाआधी सगळं कागदावर छापतो : पत्ते, क्रम, व्हीसेंटर शेवटी कोणत्या यंत्रावर होता ते, मदतीचा फोन नंबर. पासवर्ड वेगळ्या पाकिटात.

२०२३ च्या त्या रात्री तीनला स्टोरेज पुन्हा सुरू केलं. चारही यंत्रांना ते दोन्ही वाटांनी दिसतंय याची खात्री केली, मगच पहिला सर्व्हर उठवला. साडेपाचला घरी पोचलो, उटणं लावून आंघोळ केली आणि आईला फोन करून ती जुनी फजितीही सांगितली.

ती म्हणाली, "किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवावी, एवढंही कॉलेजात शिकवलं नाही तुला?"

मंडळी, तुमचे पासवर्ड, विम्याचे कागद, गावाकडच्या घराची कागदपत्रं सगळी एकाच फोनमध्ये आहेत ना? या दिवाळीत एक कागद लिहा आणि तो कुठे ठेवलाय हे घरात कुणाला तरी सांगा.

शुभ दीपावली!