बंबफोड आणि बडेजाव

"अहो बाई, अजून तुमच्याकडे बंब? कोणत्या शतकात राहता?" हा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलीत मला दर दिवाळीच्या सुमारास ऐकावा लागतो. विचारणारे गृहस्थ विज्ञान शिकवतात. नरकचतुर्दशीला त्यांच्या घरीही चिंचेने घासलेला तांब्याचा बंब दिसतो. पण त्यात पाणी नसते, शेवंती खोचलेली असते.

हे गृहस्थ रोज ज्या वाटेने घरी जातात, त्या वाटेवर लाकूड कापायची गिरणी आहे. ओंडक्यांची साल, कडेची फळकुटे, ढलप्या यांचा पुरुषभर उंचीचा ढीग तिच्यामागे साचतो आणि एखाद्या संध्याकाळी उघड्यावर पेटवून दिला जातो. सारी आळी खोकते. त्या वेळी मात्र शतकाची चौकशी कोणी करीत नाही! कोणाचेही पाणी न तापवणारा धूर ही प्रगती, आणि पोराला न्हाऊ घालणारा धूर हे मागासलेपण!

धुराची मी वकिली करीत नाही. माझ्या आईचे डोळे चुलीपुढे गेले. 2016 साली उज्ज्वला योजना निघाली, गरिबाघरी सिलिंडर आला, हे उत्तमच झाले. भात गॅसवरच शिजावा. पण ज्या घरात टाकी पुन्हा भरून घेताना बाईला दोनदा हिशेब करावा लागतो, तिथे तिने 14.2 किलोंची ती टाकी आंघोळीच्या पाण्यावर का उडवावी? तिच्यासाठी गिरणीमागे बंबफोड पडलेले आहे.

खरी चूक होते ती ओली साल जाळण्यात. माझे पदार्थविज्ञान मॅट्रिकपुरतेच, पण हा हिशेब त्यातही बसतो. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 300 किलोकॅलरी लागतात. किलोभर सुके लाकूड सुमारे 3,500 देते. बंबाने त्यातले निम्म्याहून अधिक वाया घालवले, तरी घर न्हाऊन निघते. ताज्या सालीत मात्र निम्मे वजन पाण्याचेही असू शकते. ते अर्धा किलो पाणी उडवायलाच सुमारे 300 किलोकॅलरी खर्ची पडतात. म्हणजे एका माणसाची आंघोळ आपण आकाशाला घातली, वर जाळ मंदावून धूर झाला तो वेगळाच. चार महिने छपराखाली, वारा खेळेल अशी रचलेली साल निराळीच वागते.

आणखी एक कबुली देते. परवाच्या हिवाळ्यात सुताराने फुकट दिलेले प्लायवुडचे तुकडे मी हौसेने बंबात घातले. डिंकाचा आणि सनमायक्याचा तो उग्र दर्प घरभर पसरला, धाकटी रात्रभर ढासली. फुकट म्हणून विष घरात आणले ते मी, शिकवणारी बाई! रंगवलेले, चिकटवलेले लाकूड तेव्हापासून उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि बंबही बंद न्हाणीघरातून अंगणात आला.

गिरणीच्या मालकांना मी गेल्या महिन्यात भेटले. म्हटले, "ढीग पेटवू नका. चार पत्रे टाकून साल सुकवा, पाटीने विका. बायका रांग लावतील."

ते हसले. "बाई, पत्र्यांचा खर्च कोण करणार?"

त्यांची मोटार त्या वेळी आठ नव्याकोऱ्या पत्र्यांच्या सावलीत उभी होती. मी मोजले.