'नाटू नाटू'च्या शेजारचं गाणं

'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू'ला २०२३ साली ऑस्कर मिळालं आणि अख्खं जग नाचलं. आपल्या आदिलाबादकरांचं गाणं मात्र त्याच सिनेमातलं दुसरं, 'कोमुरम भीमुडो'. सुद्दाला अशोक तेजांचे शब्द, कीरवाणींचं संगीत आणि कालभैरवचा आवाज. या गाण्यासाठी कालभैरवला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. बांधलेला भीम चाबकाचे फटके खातो, गुडघे टेकत नाही आणि गातागाता स्वतःलाच धीर देतो. दुसऱ्याला 'हिंमत धर' सांगणारी गाणी ढिगानं आहेत. स्वतःला समजावणारं गाणं जास्त खरं वाटतं, निदान मला तरी.

घरोघरीची पोरं हे गाणं तेलुगूत तोंडपाठ म्हणतात. पण 'भीमला कोण मारत होतं?' विचारलं की उत्तर येतं, 'इंग्रज!' सिनेमा आहे, त्यांनी घेतलं स्वातंत्र्य. पण आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना एवढंच ठाऊक असावं?

खरे कुमराम भीम लढले ते निजामाच्या राज्यात. कसलेली जमीन जंगल खात्याची ठरायची, गुरं चारायला आणि सरपण आणायलाही कर. पिकावरून झालेल्या भांडणात एक जमीनदार त्यांच्या हातून मारला गेला आणि त्यांना पळावं लागलं. पळाले कुठे, तर आपल्या चांद्याला! तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे ते लिहा-वाचायला शिकले, असं सांगतात. पुढे काही वर्षं आसामच्या चहामळ्यात मजुरी. मग परत गावी, आणि जोडेघाटच्या आसपासच्या बारा गावांसाठी 'जल, जंगल, जमीन'ची मागणी. चाबकाचा प्रसंग पडद्यावर चार-पाच मिनिटांत संपतो. चांदा, आसाम आणि परतीची वाट यांत वर्षं गेली. यावर कोणी गाणं केलेलं माझ्या ऐकण्यात नाही. तेही करायला हवं.

१९४० साली जोडेघाटला पोलिसांच्या गोळीबारात भीम आणि त्यांचे साथीदार गेले. हादरलेल्या निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला बोलावलं. ते मार्लवाईला राहिले. नंतर कितीतरी गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. १९४३ साली तिथे गोंड मुलांसाठी शिक्षणही सुरू झालं. त्यासाठी गोंडीची पहिली वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत, म्हणजे आपण आत्ता वाचतोय त्याच अक्षरांत. हे वाचलं तेव्हा मी दोन मिनिटं कीबोर्डवरून हात काढून बसलो होतो.

जोडेघाट आता आसिफाबाद जिल्ह्यात आहे. २०१६ मध्ये तो जिल्हा आदिलाबादमधून वेगळा झाला आणि त्याला भीमांचंच नाव मिळालं. तिथे त्यांचं संग्रहालयही आहे. पोरांना घेऊन जायचं तर आश्विन पौर्णिमा गाठा. भीमांची पुण्यतिथी तारखेनं नव्हे, तिथीनं पाळतात. आपल्याकडे मसाला दूध आटत असतं त्याच कोजागिरीला गोंड मंडळी जोडेघाटला जमलेली असतात.